चौलच्या धक्क्यावर कान उघडे ठेवा

चपला हातात घ्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडा. ओहोटी लागली आहे, तुमचं गलबत काठापासून बरंच अलीकडे रुतलंय आणि पुढचं अंतर चालतच काटायचंय. मारा उडी. पाऊल थेट पोटरीपर्यंत आत जातं. कुंडलिकेच्या खाडीचा हा चिखल गार आणि बुळबुळीत आहे. पाय उपसला की कुजलेलं शेवाळ, शिंपल्या आणि मीठ यांचा मिळून एक उग्र वास वर येतो. उजव्या हाताला कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो, त्याच्यावर अजून किल्ला नाही. डाव्या हाताला माडच माड, आणि माडांच्या मागून धूर, आरडाओरडा, घुंगरांचा आवाज.

साल साधारण १५१६. दिवस पौषातले आहेत, म्हणजे बाजार अगदी ऐन भरात आलेला. तुम्हाला इथे विकायचं काही नाही, घ्यायचंही नाही. तुमचं काम एकच: या गावाला कोण काय म्हणतं ते ऐकत फिरायचं.

पण आधी बाजूला व्हा! मागून हमाल येताहेत. मलबारहून आलेल्या तारवांतून नारळ, सुपारी, मिरी, गूळ उतरतोय. मिरीचं एक पोतं तुमच्या नाकासमोरून जातं आणि तुम्हाला लागोपाठ शिंका सुरू होतात. डोळे पुसून पुढे बघता तर समोर बैल. एक-दोन नाहीत, अख्खा तांडा. गाड्या नाहीतच, घाटाच्या वाटेवर गाडी चालत नाही. बैलांच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोण्या लटकवलेल्या आहेत आणि मागे एकच माणूस वीस-तीस बैल हाकत येतोय. दुआर्ते बार्बोसा नावाच्या पोर्तुगीजाने हे दृश्य लिहून ठेवलंय. घाटावरून आलेल्या त्या गोण्यांत गहू, बाजरी, तांदूळ, कडधान्यं आहेत. परत जाताना हेच बैल तांबं, पारा आणि हिंगूळ घेऊन वर चढतील. तांब्याचं काय करणार? काहीची नाणी पडतील, काहीचे हंडे होतील.

हे बैल तुमच्या अंगाला घासून जातात. गरम कातडी, शेणाचा वास, घोंघावणाऱ्या माश्या. अंग चोरून घ्या आणि त्या सराफाशेजारी बसा, तिथे जरा सावली आहे.

सराफ मांडीवर पंचा पसरून बसलाय. त्याच्या पुढ्यात होर्मुझकडून आलेल्या लाऱ्या आहेत. तुम्ही नाणं म्हणजे गोल चकती समजत असाल, तर हे वेगळंच प्रकरण आहे. लारी म्हणजे चांदीची जाड तार, मधोमध दुमडून दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणलेली. बोटाएवढी लांब. वर अक्षरांचा ठसा, तोही अर्धाच बसलेला, कारण तार अरुंद आणि ठसा मोठा. सराफ ती आधी दगडावर आपटतो, नाद ऐकतो. मग जिभेने ओठ ओले करत छिन्नीने एक बारीकशी खाच पाडतो आणि आत डोकावतो. आतही चांदीच आहे. तो मान हलवतो आणि लारी तराजूत टाकतो. तुमच्याकडे न बघताच विचारतो, “चेऊलात नवे दिसता?”

ऐकलंत? चेऊल. हे पहिलं नाव, गावकऱ्याच्या तोंडचं. पुढची दोनेकशे वर्षं मराठी कागदपत्रांत हेच चालेल.

आता चार पावलं टाका आणि जकातीच्या चौकीत शिरा. आत बोरूचा कुरकुर आवाज आणि शाईचा कडवट वास. फारसी लिहिणारा मुनशी डुलत डुलत बसलाय. त्याच्या लिपीत च आहे, त्यामुळे सुरुवात निर्धोक. पण पुढे एक गंमत आहे: फारसी लिपीत व आणि ऊ या दोघांना एकच अक्षर. त्यामुळे त्याने लिहिलेलं कुणी चेवल वाचेल, कुणी चीवल, कुणी चेऊल. वाचणाऱ्याला गाव आधीच माहीत असलं की झालं.

त्याच्या शेजारी घामाघूम झालेला पोर्तुगीज कारकून आहे. जाड कापडाचा अंगरखा, बंद गळा, आणि वर कोकणातलं ऊन. बिचाऱ्याची दया येते. तोही नाव लिहितोय. च लिहायला त्याला रोमन लिपीतली सी आणि एच ही दोन अक्षरं जोडावी लागतात. त्या काळच्या पोर्तुगीजात या जोडीचा उच्चार स्वच्छ च असाच होता. पुढे लिस्बनमध्ये तोंडं बदलली, च चा श झाला, आणि आजचा लिस्बनकर तीच अक्षरं ‘शाउल’ अशी वाचतो. लिहिलेलं मात्र तसंच राहिलं. आज नकाशावर रोमन अक्षरांत या गावाचं जे नाव छापलेलं असतं, ते या घामाघूम कारकुनांच्या पिढीचं स्पेलिंग आहे.

आता उठा. त्याच खाडीत, त्याच चिखलात आपल्याला सहाशे वर्षं मागे जायचंय. साल ९१६.

पहिली बातमी नाक देतं: माशाचं तेल. काठाला लागलेल्या अरबी जहाजांना एकही खिळा नाही. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत आणि शिवणीतून पाणी आत येऊ नये म्हणून त्यांना तेल चोपडलंय. ते उन्हात तापलं की पोटात ढवळतं. तुम्ही रुमालाने नाक दाबता, पण तुमच्याकडे बघायला कुणाला फुरसत नाही. इराणी आखातातल्या सिराफ बंदरातल्या घरांसाठी सागाचे सोट पाण्यात ओढले जात आहेत, एकेका दोराला वीस-वीस माणसं लागली आहेत. उघड्या पाठींवर मीठ वाळून पांढरे ओघळ उमटलेत. खजुराच्या करंड्या फुटून रस गळतोय आणि पोरं बोटं चाटत त्यांच्याभोवती घोटाळताहेत.

याच वर्षी बगदादचा अल-मसूदी या बंदरात येऊन गेला. त्याने लिहिलंय की इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलं. इथे जन्मलेल्यांना तो ‘बयासिरा’ म्हणतो. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक मुखत्यार राजाने नेमलेला आहे, त्याला ‘हुनरमन’ म्हणतात.

मसूदीने पानाबद्दलही लिहून ठेवलंय, आणि ते तुम्हाला आत्ता चांगलंच भोवणार आहे. हसू नका, निदान दात दिसतील असं हसू नका. इथे सगळ्यांचे दात पान खाऊन लाल झालेले आहेत, आणि पांढरे दात म्हणजे बघवत नाहीत. पेठेतली एक म्हातारी तुमच्याकडे कीव आल्यासारखी बघते, कमरेची चंची सोडते, पानाला चुना लावते, सुपारीचं खांड ठेवते आणि विडा तुमच्या तोंडात कोंबते. चुना जिभेला चटका देतो, सुपारीने घसा आवळतो, कपाळावर घाम येतो. थुंका. दात लाल झाले. आता तुम्ही माणसांत आलात.

रात्री एका बयासिरा घरात मुक्काम करा. बाप ओमानकडचा, आई इथलीच. पडवीत तेलाचा दिवा, आतून भाकरी भाजल्याचा वास, कोपऱ्यात दोराची वेटोळी. बाप उद्याच्या प्रवासाबद्दल पाहुण्यांशी बोलतोय आणि गावाचं नाव घेतोय: सैमूर. अरबीत च नाही. म्हणून तो त्यांच्याकडचा जाडसर, घशातून भरून येणारा स वापरतो, आणि शेवटच्या ल चा र होतो. आत चुलीपाशी आई शेजारणीशी बोलते, तिच्या बोलण्यात येतं: चेमुल. दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर बसलेलं सहा-सात वर्षांचं पोर आत तोंड करून एक नाव घेतं आणि बाहेर तोंड करून दुसरं. त्याला यात काही विशेष वाटत नाही.

अरबांनी हे एकट्या चेमुलचं केलं नाही. त्यांच्याकडे प नाही, म्हणून सोपाऱ्याचं सुबारा झालं. ठ नाही, म्हणून ठाण्याचं ताना झालं. ज्याच्या तोंडात जे अक्षर नाही, ते तो आणणार कुठून?

परक्यांनी आपली नावं बिघडवली, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते अजिबात पटत नाही. आपल्या गावाचं नाव आपण कसं उच्चारतो हे कुणीही गावकरी कधी लिहून ठेवत नाही, त्याला ती गरजच पडत नाही. आणि आपल्याकडचे शिकलेले लोक लिहायला बसले की नावाला संस्कृतचा शालू नेसवतात. १०९४ चा शिलाहारांचा खारेपाटणचा ताम्रपट घ्या. त्यात बंदरांवरच्या जकातमाफीची यादी आहे, आणि तिथे ठाणं ‘श्रीस्थानक’ म्हणून येतं, सोपारा ‘शूर्पारक’ म्हणून. चौल तिथे ‘चेमुली’ आहे. पोथ्यांतून तर त्याचं ‘चंपावती’ झालं आणि शेजारच्या रेवदंड्याचं ‘रेवती’. ही नावं सुंदरच आहेत, पण धक्क्यावरच्या हमालाने हाक मारताना ‘श्रीस्थानक’ म्हटलं असेल असं कोण मानेल? धक्क्यावरचा आवाज हवा असेल, तर परक्याकडेच जावं लागतं. त्याला नाव नवं असतं. तो थांबतो, दोनदा विचारतो, कान देऊन ऐकतो आणि आपल्या तोकड्या लिपीत ते बसवायला धडपडतो. त्या धडपडीतच आपल्या पूर्वजांचा उच्चार शिल्लक राहिलाय.

याचा सगळ्यात जुना पुरावा हवा तर आणखी मागे चला. इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. इथे फार वेळ थांबू नका, ऊन भयंकर आहे. काठावर टोकदार बुडाचे उंच कुंभ वाळूत खुपसून उभे केलेत, एक तडकलाय आणि आंबलेल्या मद्याचा वास सुटलाय. इजिप्तकडून आलेला ग्रीक बोलणारा खलाशी डोळ्यांवर हात धरून काठावरच्या कोळ्याला विचारतो, हे कोणतं ठिकाण? कोळी सांगतो: चेमुल. खलाशी पुन्हा विचारतो. कोळी पुन्हा सांगतो, या वेळी जरा ओरडून. ग्रीकमध्येही च नाही! लाल समुद्राच्या प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, हे नाव ‘सेमुल्ला’ असं उतरतं.

आणि साधारण १५० मध्ये अलेक्झांड्रियात बसून टॉलेमी जगाचं भूगोलवर्णन लिहितो, तेव्हा तो ‘सिमुल्ला’ असं लिहितो. पण तो तिथेच थांबत नाही, यासाठी मी त्याला मानतो. तिकडून आलेल्या लोकांना विचारून तो आणखी एक गोष्ट नोंदवतो: या सिमुल्लाला तिथले रहिवासी ‘तिमूला’ म्हणतात. आता ‘सि’ आणि ‘ति’ एकापाठोपाठ म्हणून बघा. जीभ एकदा दातांच्या जवळ थांबते, एकदा दातांना टेकते. च या दोघांच्या मधोमध कुठेतरी आहे. एकाने एका बाजूने नेम धरला, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने. ज्याने हे बंदर कधी पाहिलंच नाही, त्या अलेक्झांड्रियाच्या माणसाने आपल्या च ला दोन्हीकडून वेढा घातला.

त्याच सुमाराला इथली माणसं हे नाव स्वतःही लिहीत होती, पण फार लांब. कान्हेरीच्या डोंगरात चढा. पायऱ्या तापलेल्या, वटवाघळांचा वास, लेण्याच्या आत मात्र गारवा. पाण्याच्या टाक्यापाशी ब्राह्मीतला एक छोटा लेख आहे. चेमुलच्या एका माणसाने, सोन्या-नाण्याचा व्यवहार करणाऱ्या घरातल्या, ही पोढी, म्हणजे हे टाकं, दान दिली. अक्षरांत बोट घाला, च ची रेघ बोटाला लागते. ग्रीकांना न सापडलेला तो च इथे दगडात कोरलेला आहे.

आता एकदम पुढे उडी. १४६९ च्या आसपासचं वर्ष. तुम्ही गर्दीत अडकला आहात आणि गर्दी एका माणसाच्या मागे चालली आहे. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. सहा आठवडे ‘तवा’ प्रकारच्या जहाजातून समुद्र तुडवून आलाय, सोबत विकायला एक घोडा. घोड्याचे पाय लटपटताहेत, इतके दिवस हलत्या फळ्यांवर उभं राहून त्याला स्थिर जमीन पेलत नाही. पोरं घोड्याला हात लावायला धडपडतात, मोठी माणसं घोडेवाल्याकडे टक लावून बघतात. गोरा माणूस! निकितीनने स्वतःच लिहिलंय: मी जिथे जातो तिथे माझ्यामागे माणसं चालतात आणि माझ्या गोऱ्या कातडीचं नवल करतात. त्यालाही कमी नवल वाटलेलं नाही. इथे माणसं उघड्या अंगाने हिंडतात, बायका केसांची एकच वेणी घालतात, आणि इथल्या राजाच्या अंगावर काय, तर डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक. थंडी-बर्फातून आलेल्या माणसाला हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं.

तो तुमच्या अगदी शेजारून जातो. घामाचा आणि घोड्याचा वास. कुणीतरी त्याला गावाचं नाव सांगतं आणि तो ते पुटपुटतो: चुविल, चिविल. थांबा, हे नीट ऐका. रशियन लिपीत च साठी स्वतंत्र अक्षर आहे. चौदा शतकं ग्रीक आणि अरब ज्या अक्षरापाशी अडखळले, ते त्याने सहज उचललं.

पण म कुठे गेला? चेमुलमधला म? त्याच्या जागी व ऐकू येतोय. हे काम कुणा परक्याचं नाही, आपलंच आहे. मराठीला दोन स्वरांमधला म फार काळ टिकवता येत नाही. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसं चेमुलचं चेवुल झालं. मग व ही विरघळला आणि चेऊल उरलं. मग ए आणि ऊ एकमेकांत मिसळले आणि झालं चौल. रोज शेकडो पावलं पडून उंबरा झिजावा तसं हे नाव माणसांच्या तोंडात झिजलं. निकितीन नेमका अशा वेळी इथून गेला, जेव्हा तो व अजून तोंडात होता.

एक शेवटचा मुक्काम. १५८३. आता दोन चौल आहेत, आणि ही भानगड समजून घेतली नाही तर रस्ता चुकाल. आतल्या बाजूचं जुनं गाव, त्याला पोर्तुगीज ‘वरचं चौल’ म्हणतात. खाडीच्या तोंडाशी त्यांनी तटबंदी घालून वसवलेलं ते ‘खालचं चौल’, म्हणजे आपलं रेवदंडा. नाव त्यांनी सरळ उचलून दोन-तीन किलोमीटर पुढे नेलं. तटाच्या आत चर्चच्या घंटा वाजतात, बाहेर मागांची खटखट चाललेली असते. रेशमाचे माग इतके आहेत की गल्लीतून जाताना बोलायला आवाज चढवावा लागतो. रंगाच्या कढया उकळताहेत, वाफेने डोळे चुरचुरतात. एका दारात तरुण विणकर रेशमाचा तुटलेला धागा ओठांत धरून ओला करतो, दोन बोटांत पीळ देतो, आणि जोड कुठे आहे हे तुम्हाला शोधूनही सापडत नाही.

राल्फ फिच नावाचा इंग्रज याच वर्षी इथून गेला. त्याने मसाले, रेशीम, चंदन, हस्तिदंत, चिनी सामान यांची यादी केलीच, पण खरा थक्क झाला तो माडापुढे. एकाच झाडाचं फळ, तेल, साखर, दारू, शिर्का, दोर आणि वर घराचं छप्परही! काही इटालियन प्रवाशांना मात्र नाव लिहिताना त्यांची स्वतःची वाट सापडली होती. त्यांच्याकडे सी नंतर आय आला की च होतो, म्हणून त्यांनी तसं लिहिलं. स्पेलिंग पोर्तुगीजांहून वेगळं, आवाज जवळपास तोच.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. खाडी गाळाने भरत गेली, जहाजं मोठी झाली, मुंबई वाढली आणि व्यापार तिकडे गेला. चौलमध्ये आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, रामेश्वराचं देऊळ आहे, रेवदंड्यात पडक्या मनोऱ्याचे काही मजले उभे आहेत आणि निकितीनचं स्मारक आहे. पण नाव नुसतं पाटीवर उरलेलं नाही. ‘चेऊलकर’ हे आडनाव अजून आहे आणि ते कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंमध्येही आहे. गावाने चेऊल सोडून चौल धरलं, आडनावाने जुना उच्चार सोडला नाही. आणि खाडीपलीकडे कोर्लईत सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजपासून तयार झालेली, मराठीत मुरलेली एक बोली काही शे घरांत अजून बोलली जाते. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. त्या घामाघूम कारकुनाच्या भाषेची ही कोकणातली लेक आहे, आणि ती बोलणारी माणसं थोडी आहेत.

तेव्हा अलिबागला जाल तेव्हा किनाऱ्यावरून परत फिरू नका. तासाभराच्या आत रेवदंडा येतं, पूल ओलांडला की कोर्लई. वाडीत काम करणाऱ्या एखाद्या आजोबांना गावाचं नाव विचारा, दोनदा विचारा, आणि त्यांच्या तोंडातला च चिंचेतला आहे की चोरातला, ते नीट ऐका. कोर्लईत एखाद्या आजीला तिच्या बोलीत तेच नाव घ्यायला सांगा. जे ऐकाल ते तारीख घालून लिहून ठेवा.